काळजात धस्स होत नाही तेव्हा : हृदयारोपण झालेल्यांनी मन कसं सांभाळावं

ऑपरेशनला आठ महिने झाले होते. इंदूरच्या जवाहर मार्गावरून मुलगी स्कूटर चालवत होती, मी मागे बसलो होतो. राँग साइडनं एक लोडिंग रिक्षा आली आणि आमच्या हँडलपासून वीतभरावर थांबली. मुलगी किंचाळली. मी मात्र दगडासारखा. छातीत धस्स नाही, पोटात गोळा नाही, काही नाही. मनात आलं, आपण फारच धीट झालो की! पुढे चार-पाच मिनिटांनी उसाच्या रसाच्या दुकानाशी थांबलो, हातात ग्लास घेतला, आणि तेव्हा छाती धडधडायला लागली. रिक्षा केव्हाच निघून गेली होती. रसवाला म्हणाला, "भिया, तबीयत तो ठीक है?" मला वाटलं, संपलं आता. धडधड थांबायला बराच वेळ लागला.

ही गोष्ट मी दुसऱ्या दिवशी मुंबईला फोन करून सांगितली तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "तुम्हाला डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं." सांगितलं असेल. डिस्चार्जच्या दिवशी माणूस काय ऐकतो?

इंदूरहून किंवा आसपासच्या गावांतून कुणाचं हृदय प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं असेल, किंवा ऑपरेशन होऊन ते नुकते घरी आले असतील, तर त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. गोळ्यांचं वेळापत्रक हॉस्पिटल देतं. मनाचं कुणी देत नाही, ते आपल्यालाच बसवावं लागतं. मी डॉक्टर नाही, चार वर्षं जुना रुग्ण आहे. इथलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्याच्या आड येत असेल तर त्यांचं ऐका.

१. आधी हे समजून घ्या : तारा कापलेल्या आहेत

नवं हृदय बसवताना रक्तवाहिन्या शिवता येतात, मज्जातंतू जोडता येत नाहीत. हृदयाला आवर घालणारी व्हेगस नावाची नस नव्या हृदयापर्यंत पोचतच नाही. म्हणून स्वस्थ पडलेलं असतानाही नाडी नव्वद ते एकशेदहाच्या घरात असते. घाबरलात तर मेंदूचा निरोप थेट जात नाही. अ‍ॅड्रिनलिन रक्तातून वाहत वाहत तिथवर पोचतं, तेव्हा कुठे वेग वाढतो, आणि रक्तातून ते ओसरेपर्यंत वेग उतरत नाही. उसाच्या रसाचं कोडं ते हेच. काही जणांमध्ये काही वर्षांनी थोडे तंतू पुन्हा रुजतात, सगळ्यांमध्ये नाही.

याचा मनाशी संबंध असा, की आपण आयुष्यभर छातीवरून स्वतःला ओळखत आलेलो असतो. धडधडलं म्हणजे भीती, भरून आलं म्हणजे माया. मराठीत तर सगळा कारभार काळजावर चालतो. (मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर खाटीक यकृत देतो, ते सोडा.) आता ही खूण बिनभरवशाची झाली. रात्री डाव्या कुशीवर झोपलं की कानात ठोके ऐकू येतात आणि वाटतं, आपण कशाला तरी घाबरलो आहोत. घाबरलेलो नसतो, ती साधी चालू नाडी असते. उलट खरी धास्ती बसलेली असते तेव्हा छाती गप्प असते.

आणि एक. या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी छातीत कळ येतेच असं नाही. बहुतेकदा येत नाही. दम लागणं, पायावर सूज, अचानक वाढलेलं वजन, नेहमीचा जिना जड वाटणं, एवढ्याच खुणा. म्हणजे शरीराचं असो की मनाचं, आतून निरोप येण्याची वाट बघायची नाही. स्वतःहून बघायचं आणि तोंडानं सांगायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या सवयीच्याच आहेत.

२. यादीत नाव असताना

नाव लागण्याआधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक तासभर बोलतात. दारू, तंबाखू, आधीचं नैराश्य, घरात कोण करणार, पैशाचं काय, सगळं विचारतात. लोकांना वाटतं ही परीक्षा आहे आणि नापास झालो तर नाव कटणार. मीही खोटं बोललो. वडील गेल्यावर सहा महिने मी नैराश्याच्या गोळ्या घेतल्या होत्या, ते लपवलं. ऑपरेशननंतर दुसऱ्या महिन्यात मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागलो तेव्हा ते बाहेर आलं. आधी सांगितलं असतं तर त्यांनी पहिल्या आठवड्यापासून लक्ष ठेवलं असतं. एकदा नैराश्य येऊन गेलं म्हणून कुणी नुसतं नाव कापत नाही. खरं सांगा.

काढलेलं हृदय साधारण चार तासांच्या आत दुसऱ्या छातीत चालू व्हावं लागतं. त्यामुळे मुंबईच्या किंवा अहमदाबादच्या यादीत नाव असेल तर बहुतेकांना तिथेच खोली घेऊन राहावं लागतं. २०२५ च्या जानेवारीत भोपाळच्या एम्समध्येही हृदय प्रत्यारोपण झालं, तेव्हा आपल्या भागातल्यांना पुढे अंतर कमी पडेल अशी आशा आहे. मी अंधेरीच्या एका खोलीत पाच महिने काढले. बॅग दाराशी, फोन चार्जिंगला, आणि कान फोनकडे. एकदा फोन आला, गेलो, दाढी केली, छाती पुसली, आणि पहाटे सांगितलं की ते हृदय चालण्यासारखं नाही, परत जा. असं होऊ शकतं हे आधीच मनाशी धरून ठेवा. रिक्षात बसून परत येताना रडू आलं तर येऊ द्या.

याच काळात एक विचार छळतो, आपण कुणाच्या तरी मरणाची वाट बघतो आहोत. पावसाळा सुरू झाला, अपघातांच्या बातम्या वाढल्या, की मनात काहीतरी हलायचं आणि मग स्वतःचीच किळस यायची. मला याचा उतारा सापडला तो कायद्याच्या माहितीत. मेंदूमृत्यू चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, निदान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या तुकडीतला कुणी त्या चौघांत नसतो. तुमचं नाव त्या खोलीत पोचतसुद्धा नाही. ते मरण तुम्ही नसतात तरी झालंच असतं. हे मी कागदावर लिहून पाकिटात ठेवलं होतं.

आणि भेटायला येणारे म्हातारे नातेवाईक! आमच्या काकांनी आल्या आल्या सांगितलं, "अरे, तो आफ्रिकेतला पहिला माणूस अठराच दिवस जगला." खरं आहे. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनला डॉ. बर्नार्ड यांनी पहिलं ऑपरेशन केलं, रुग्ण अठरा दिवसांनी न्यूमोनियानं गेला. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. सेन यांनी केलं, तो रुग्ण काही तासच जगला. पण १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आलं, शरीरानं नवं हृदय नाकारू नये म्हणून देतात ते, आणि चित्र पालटलं. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी ३ ऑगस्ट १९९४ ला आपल्याकडचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. आज जगभरच्या नोंदी पाहिल्या तर निम्म्याहून अधिक माणसं दहा वर्षांच्या पुढे जातात. काकांना हे आकडे ऐकवा आणि चहा द्या.

३. आयसीयूतले दिवस (हे घरच्यांनी वाचावं)

मोठ्या ऑपरेशननंतर काही दिवस माणूस भ्रमात असू शकतो. मला पक्कं वाटत होतं की मी जुन्या मीटरगेज गाडीत आहे. मी नर्सला सारखं विचारत होतो, "महू आलं का? मला उतरायचंय." नळ्या ओढल्या म्हणून हात बांधले, तर वाटलं टीसीनं पकडलं. काचेबाहेर उभी राहून बायको रडत होती की याचं डोकंच गेलं.

डोकं गेलेलं नसतं. भूल, औषधं, झोपेचा बट्ट्याबोळ, दिवसरात्र सारखाच पांढरा दिवा, यानं होतं आणि बहुधा काही दिवसांत उतरतं. डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतात. तुम्ही एवढं करा : चष्मा आणि कानाचं यंत्र लावून द्या, आज कोणता वार आणि आपण कुठे आहोत ते दर भेटीत सांगा, वाद घालू नका. "महू यायला वेळ आहे, झोप थोडा," हे बायकोचं वाक्य मला अजून आठवतं. नंतर त्या भासांची स्वप्नं पडत राहिली तर तीही सांगण्यासारखी गोष्ट आहे.

४. पहिले तीन महिने : वहीत एक रकाना मनाचा

सगळ्यात जास्त उपयोग मला या पायरीचा झाला, म्हणून थोडं सविस्तर.

घरी येताना वही देतात. वजन, ताप, रक्तदाब, साखर, गोळ्यांच्या वेळा. त्यात शेवटी एक रकाना स्वतः आखा. झोप किती तास, मन दहापैकी किती, आणि एक शब्द. जास्त लिहू नका, जास्त लिहिलं की चौथ्या दिवशी बंद पडतं. माझ्या वहीतल्या दोन ओळी अशा आहेत :

मंगळवार. झोप ३. मन ४. चिडचिड. कारण काही नाही.

शनिवार. झोप ५. मन ६. रडू. टीव्हीवर साबणाची जाहिरात.

साबणाच्या जाहिरातीला रडणारा माणूस मी नव्हे. पण प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पहिल्या महिन्यांत भरपूर असतं आणि ते मनाला झोके देतं. कधी उगाच उत्साह, रात्री दोनला उठून कपाट लावणं, कधी बारीक गोष्टीवर भडका, कधी रडू. डोस उतरवतानाही काही दिवस मन खाली बसतं. वहीत हे दिसायला लागलं की डोसाची तारीख आणि मनाचा आकडा शेजारी शेजारी उभे राहतात. डॉक्टरीणबाईंनी माझी वही पाहून बोट ठेवलं, "बघा, डोस कमी केला तो सोमवार, आणि हा तुमचा बुधवार." त्या क्षणी माझं अर्धं ओझं उतरलं. मी वाईट माणूस झालो नव्हतो, गोळीचा परिणाम होता. गोळी मात्र स्वतःच्या मनानं कमी करायची नाही, आताही नाही आणि पुढेमागेही नाही. स्टेरॉइड सकाळी घेतलं तर झोपेला बरं पडतं, वेळ विचारून घ्या.

टॅक्रोलिमसनं, म्हणजे शरीरानं हृदय नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीनं, हात थरथरतात. चहाची बशी वाजते. पहिल्या महिन्यात मी बँकेत गेलो, पैसे काढायच्या स्लिपवर सही केली, तर काउंटरवरच्या मुलानं तीनदा परत दिली. सही जुळत नाही. मागे रांग, तोंडावर मास्क, स्टेरॉइडनं चेहरा फुगून चंद्रासारखा झालेला, म्हणजे फोटोही जुळेना. "अंकल, खाताधारक को भेजिए," असं तो म्हणाला. मी खातेदार आहे हे सिद्ध करायला तासभर लागला आणि घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तुम्ही असं करा : डिस्चार्ज कागदाची एक प्रत आणि नव्या चेहऱ्याचा फोटो बरोबर ठेवा, आणि जमलं तर ऑपरेशनच्या आधीच खातं जोडीदाराबरोबर संयुक्त करून घ्या. थरथर पुढे डोस उतरला की कमी होते, चेहराही उतरतो. आरशासमोर मात्र त्या दिवसांत फार वेळ थांबू नये.

थरथर अचानक वाढली, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, भास व्हायला लागले तर ते मनाचं आहे असं धरून बसू नका. औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढलेलं असू शकतं. त्याच दिवशी फोन.

५. बायोप्सी आणि रिपोर्टची वाट

मानेतल्या शिरेतून बारीक चिमटा घालून हृदयाच्या आतले कणभर तुकडे घेतात. जागा बधिर करतात, दुखतं थोडंच. पहिल्या महिन्यात बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला, मग अंतर वाढत जातं. त्रास होतो तो सुईपेक्षा रिपोर्ट येईपर्यंतच्या वेळेचा.

माझा नियम असा झाला : रिपोर्ट एकाच माणसाला कळवायचा, ती माझी बहीण, आणि बाकी सगळ्यांनी तिला विचारायचं. आधी दर बायोप्सीला कुटुंबाच्या ग्रुपवर चौतीस जण "काय झालं?" विचारायचे आणि चौतीसदा मीच घाबरायचो. दुसरं, रिपोर्टमधली अक्षरं आधीच समजून घ्या. १आर लिहिलं म्हणजे सौम्य नकार, आणि त्याला बऱ्याचदा काही वेगळं करावंही लागत नाही. हे ठाऊक नव्हतं तेव्हा "नकार" हा शब्द वाचून मी जेवलो नव्हतो. शरीरानं नाकारलं म्हणजे आपलंच काही चुकलं, असं वाटतं. चुकलेलं नसतं. गोळ्या वेळेवर घेणाऱ्यांनाही नकार येतो.

गोळी चुकली असेल तर तेवढं मात्र कबूल करा. चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून घेऊ नका, हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण को-ऑर्डिनेटरला विचारा. आणि मुद्दाम चुकवावीशी वाटली, "कशाला हे सगळं" असं म्हणून डबी ढकलून द्यावीशी वाटली, तर सरळ नवव्या पायरीवर जा.

६. ज्याचं होतं त्याचं काय

याबद्दल घरात कुणी बोलत नाही. आपण मात्र रोज रात्री बोलतो, स्वतःशी.

दाता आणि रुग्ण यांची नावं एकमेकांना कळवायची नाहीत असा नियम आहे आणि तो दोघांच्या भल्याचा आहे. पण इंदूरात २०१५ पासून ग्रीन कॉरिडॉर होत आले आहेत. चौक अडवून अवयव विमानतळाकडे निघतात, लोक टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट छापून येतं. दुसऱ्या शहरांतही तेच. म्हणजे ज्याला शोधायचंच आहे त्याला तारखेवरून शोधता येतं. मी एका रात्री दोन वाजता शोधलं. हार घातलेला एका तरुण मुलाचा फोटो सापडला. तो हाच की दुसराच, मला आजही माहीत नाही. पण तीन आठवडे तो चेहरा माझ्या छातीत राहायला आला होता, मी जेवलो की वाटायचं त्याची आई काय करत असेल. निदान पहिलं वर्ष शोधू नका. नंतरही एकट्यानं, रात्री तर नकोच.

त्यांना काही सांगावंसं वाटलं तर को-ऑर्डिनेटरकडे चिठ्ठी द्या. नाव, गाव, हॉस्पिटल काही न लिहिता. मी लिहिली ती चौदाव्या महिन्यात. आभाराला शब्द सापडेनात, म्हणून शेवटी मी आता काय करतो ते लिहिलं : सकाळी चालतो, भाजी आणतो, मुलीच्या लग्नात उभा होतो. उत्तर येईल अशी अपेक्षा ठेवू नका. चिठ्ठी लिहिताच आली नाही तरी तुम्ही कृतघ्न ठरत नाही.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, जो प्रत्येक लग्नात विचारतात. दात्याच्या आवडीनिवडी येतात का? आमच्या मावशींनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, तो गुजराती होता का? हल्ली वरणात गूळ जास्त मागतोस!" मी गूळच काय, मिळेल ते मागत होतो, कारण स्टेरॉइडनं भूक खवळते. व्हिएन्नात १९९२ मध्ये ४७ रुग्णांना हाच प्रश्न विचारला होता. बहुतेकांनी सांगितलं, स्वभाव बदलला नाही. काहींनी सांगितलं, बदलला, पण मरणाच्या दारातून आलो म्हणून. नव्या हृदयामुळे बदललो असं म्हणणारे तिघे निघाले. त्या तिघांवर हसू नका. मन हा हिशेब आपल्या परीनं लावत असतं. तुम्हाला तसं वाटत असेल तर समुपदेशकाला बिनदिक्कत सांगा, तो नवल करणार नाही.

ऑपरेशनच्या वार्षिक दिवसाचं आधी ठरवून ठेवा. पहिल्या वर्षी माझ्या ऑफिसातल्यांनी "सेकंड बर्थडे" लिहिलेला केक आणला. सुरी हातात घेतली आणि हात पुढे जाईना, त्याच दिवशी कुठल्या तरी घरात वर्षश्राद्ध असणार. बायकोनं तोड काढली. वाढदिवस तारखेनं आणि ते तिथीनं. तिथीला आम्ही एक पान वाढून गाईला देतो, कुणाला बोलावत नाही.

७. घर, पाहुणे आणि सराफा

इंदूरचा माणूस प्रेम खाऊन दाखवतो. तुम्ही घरी आलात की कचोरी, शेव, जलेबी घेऊन लोक येणार, आणि "एक से क्या होता है" म्हणणार. शहर स्वच्छतेत पहिलं येतं खरं, पण हातगाडीवरच्या चटणीला तो नंबर लागू नाही. पहिलं वर्ष बाहेरचं, कच्चं, कापून ठेवलेलं बंद. पोहे घरचे, गरम. पपनस मुळीच नाही, ते ग्रेपफ्रूटच्या कुळातलं, औषधाचं प्रमाण बिघडवतं. आणि शेजारच्या काकूंनी प्रेमानं आणलेला गुळवेलीचा काढा घ्यायचा नाही. प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी आपण गोळ्या खातो, आणि तो ती वाढवायला निघालेला. काकूंना एवढंच सांगा, "डॉक्टरांनी मना केलंय." जास्त समजावत बसलात तर थकाल.

पण या पथ्यांचा मार जिभेपेक्षा मनाला बसतो, कारण इथली मैत्री खाण्याच्या ठेल्यांवर उभी आहे. मी पहिल्या वर्षी मित्रांना टाळत गेलो, आणि मित्र "त्याला त्रास नको" म्हणून मला टाळत गेले. दुसऱ्या वर्षी डॉक्टरांना विचारून मधल्या वारी, गर्दी नसताना, सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेलो. खिशात घरचा डबा, हातात थर्मास. ते गराडू (तळलेला कंद) खात होते, मी पोळीभाजी खात होतो. पहिल्या दहा मिनिटांत अवघड वाटलं, नंतर कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, मात्र अजून टीव्हीवरच बघतो. राजवाड्यासमोर कबुतरांना दाणे टाकायलाही जात नाही, त्यांच्या विष्ठेतल्या बुरशीची भीती खरी आहे.

ज्यांनी तुम्हाला सांभाळलं त्यांच्याकडे बघा. वर्षभर माझी बायको रात्री उठून माझ्या नाकाशी हात धरून बघायची. मला बरं वाटायला लागलं तेव्हा ती आजारी पडली, डोकं दुखणं, झोप नाही, कशात रस नाही. तिच्याकडे कुणी वही दिली नव्हती. आठवड्यातली एक संध्याकाळ तिची ठरवा, त्या वेळी गोळीचा गजर दुसऱ्या कुणीतरी बघावा. शुक्रवारी ती भजनाला जाते. परत आल्यावर "गोळी घेतली का" विचारायचं नाही असं ठरलं आहे. अजून जमलेलं नाही.

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल डॉक्टर आपणहून बोलत नाहीत आणि आपण लाजतो. विचारा. छातीचं हाड भरून आल्यावर बहुतेकांना परवानगी मिळते. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध गर्भाला घातक असतं, तेव्हा तरुण बायकांनी गर्भनिरोधाचं आणि मूल हवं असेल तर त्याचं आधीच विचारून ठेवावं.

८. चालायला लागा

मन वर यायला मला गोळीइतकाच चालण्यानं हात दिला. पण या हृदयाला उठवायला वेळ लागतो आणि निजवायलाही. पहिली दहा मिनिटं रमतगमत, मग वेग, आणि शेवटची दहा मिनिटं पुन्हा रमतगमत. एकदम थांबलात तर चक्कर येते. मनगटावरच्या घड्याळातली नाडी बघून काही कळत नाही. चालताना एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे, हे माप. मी पहाटे पिपल्यापाला बागेत जातो आणि ज्ञानेश्वरीची एक ओवी म्हणून बघतो. ओवी मध्ये तुटली तर वेग कमी.

९. मानसोपचारतज्ज्ञांकडे कधी जायचं

वहीत मनाचा आकडा दोन आठवडे चारच्या खालीच असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, आवडीची गोष्ट फिकी वाटत असेल, ऑपरेशनची दृश्यं अचानक डोळ्यांसमोर येत असतील, गोळ्या चुकवाव्याशा वाटत असतील, तर जा. आधी हृदयाच्या डॉक्टरांना कळवा, कारण थकवा आणि निरुत्साह ही नकाराचीही खूण असू शकते, आणि ते रक्त, इको बघून ठरवतील. दोन्ही बाजू तपासल्या जाऊ द्या.

ठाण्या-येरवड्यासारखं आमच्याकडे बाणगंगेचं नाव चेष्टेत घेतात. त्या चेष्टेपायी मी दोन महिने घालवले. एम.वाय. हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे, बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे, खासगी डॉक्टर आहेत. घरातून पाय निघत नसेल तर टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत. जगावंसं वाटत नाही असा विचार आला तर दोन आठवड्यांचा हिशेब नको, त्याच घटकेला फोन करा आणि घरातल्या एकाला शेजारी बसवा.

जाताना गोळ्यांची पूर्ण यादी न्या. नैराश्यावरची काही औषधं टॅक्रोलिमसचं प्रमाण वाढवतात, सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती ते इतकं उतरवते की नकार येऊ शकतो. चालणारी औषधं बरीच आहेत, दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवलं की झालं. फोन लावून द्यायचं काम आपलं. मला मिळालेल्या गोळीचा गुण यायला जवळजवळ महिना लागला, मध्ये दोनदा सोडून द्यावीशी वाटली होती.

१०. तपासणीला जाताना

मुंबईच्या अवंतिका एक्सप्रेसनं जा नाहीतर विमानानं, गोळ्या हातातल्या पिशवीत, सामानात नाहीत. दोन दिवसांच्या जास्तीच्या. रक्त द्यायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर, आधी घेतली तर प्रमाण चुकीचं दिसतं आणि पुन्हा खेप. वही वर, मनाचा रकाना उघडून, कारण तिथे पाच मिनिटं मिळतात आणि "कसं वाटतंय?" या प्रश्नाला आपण सवयीनं "छान" म्हणून मोकळे होतो. मी तर आता बोलतच नाही, वही पुढे सरकवतो.

गाडीत आठला गजर वाजतो. गेल्या खेपेला समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी डबीतल्या सात गोळ्या पाहिल्या आणि विचारलं, "बीपी की है क्या?" पहिल्या वर्षी मी अशा प्रत्येकाला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगायचो, मग ते हात जोडायचे, फोटो काढायचे, आणि मी रात्रभर जागा. "हाँ, बीपी की," म्हटलं आणि पाणी प्यायलो. त्यांनी लगेच त्यांच्या बीपीची हकिगत सुरू केली.